एक गाडी बिघडली, तर बाकीच्या का थांबतात? (शकुंतलेपासून लोकलपर्यंत एक पाठ)



आजचा पाठ बिघडलेल्या गाडीचा आहे. सहावी ते दहावीच्या कुठल्याही वर्गात घेता येईल. सहावी-सातवीत भूगोल आणि विज्ञानाच्या तासाला, नववी-दहावीत गणिताच्या. साहित्य म्हणाल तर खडू, आलेख कागद, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक चेंडू. चेंडू कशाला, ते पुढे येईलच.

'इंजिनात बिघाड, रेल्वे वाहतूक विस्कळीत' ही बातमी आपण नेहमी वाचतो. बिघडलेली गाडी एक आणि खोळंबलेल्या वीस-पंचवीस. वर्गात बातमी वाचून दाखवली की एखादं पोरगं हमखास विचारतं, "सर, एक गाडी बंद पडली तं बाकीच्या काऊन थांबल्या?" प्रश्न अगदी रास्त आहे. रस्त्यात एसटी बंद पडली तर मागची बस बाजूने निघून जाते. कंडक्टर प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवूनही देतो. मग रेल्वेला काय होतं?

घरोघरी ह्याचं ठरलेलं उत्तर असतं, 'रेल्वेचा कारभारच तसा!' ते कधी खरंही असेल, पण त्यातून मूल काही शिकत नाही. ह्या पाठात मुलांच्या हाती यावी अशी गोष्ट वेगळी आहे. खोळंबा किती मोठा होणार, हे बिघाड किती मोठा आहे ह्यावर फारसं ठरत नाही. त्या गाडीच्या पाठीशी काय राखून ठेवलंय ह्यावर ते ठरतं. दुसरा रूळ आहे का, दुसरं इंजिन आहे का, वेळापत्रकात थोडी सवड आहे का? आणि हे शिकवायला आपल्या यवतमाळ जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही.

आधी नकाशा उघडा

फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा लावा आणि मुलांना रेल्वे शोधायला सांगा. गंमत म्हणजे इतक्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वे अगदी कडेकडेनेच सापडते. पूर्वेला वणी. तिथून माजरी–आदिलाबाद मार्ग जातो, कोळशाच्या मालगाड्या धावतात, नंदीग्राम एक्सप्रेसही त्याच वाटेने जाते. मुंबई–हावडा हा मुख्य मार्ग मात्र आपल्या जिल्ह्यात येतच नाही. यवतमाळच्या माणसाला मुंबईची गाडी धरायची तर पन्नासेक किलोमीटरवरच्या धामणगावला जावं लागतं, आणि धामणगाव आहे अमरावती जिल्ह्यात. म्हणजे धामणगाव ते बडनेरा कुठेतरी मालगाडी अडकली, तर ज्या गावात रूळच नाही त्या यवतमाळच्या माणसाचाही खोळंबा होतो. हे मुलांना मुद्दाम दाखवा.

तिसरी रेल्वे नकाशात असते, पण धावत नाही. ती म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर, आपली शकुंतला. आणि चौथी नवी, वर्धा–यवतमाळ–नांदेड ह्या २८४ किलोमीटरच्या मार्गावरची. तिचा वर्धा–कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. हे चारही मार्ग नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी काढून घ्या, पुढे लागणार आहेत.

चेंडूचा खेळ

आता मुलांना मैदानात न्या. खडूने एक लांब रेघ मारा, हा आपला एकेरी रूळ. रेघेवर समान अंतरावर चार गोल काढा, ही स्टेशनं: अ, ब, क, ड. दोन स्टेशनांमधल्या तुकड्याला रेल्वेची माणसं 'सेक्शन' म्हणतात. प्रत्येक स्टेशनावर एक मूल स्टेशन मास्तर आणि तीन मुलं गाड्या. नियम एकच. ब ते क ह्या तुकड्यात शिरायचं असेल तर गाडीच्या हातात चेंडू हवा. चेंडू एकच आहे. ब वरून निघालेली गाडी तो क च्या मास्तराला देईल, तेव्हाच दुसरी गाडी आत शिरू शकेल.

हा खेळ मी मनाने रचलेला नाही. भारतात एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं खरोखर असा लोखंडी गोळा वापरात होता. दोन स्टेशनांवरची यंत्रं तारेने जोडलेली असत आणि एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला की ती त्याची परवानगी. आज बहुतेक ठिकाणी गोळ्याची जागा सिग्नलने घेतली आहे, पण तत्त्व तेच राहिलं: एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी.

असं का, हे मुलांनाच विचारा. उत्तर त्यांना देता येतं. गाडीला स्टिअरिंग नसतं, तिला बाजूला होता येत नाही. आणि वेगात असलेली गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर घेते. समोर उभी गाडी दिसल्यावर ब्रेक लावून चालत नाही, ती दिसायच्या आधीच थांबलेलं असावं लागतं. म्हणून मागच्या गाड्या थांबतात त्या 'अडकल्या' म्हणून नव्हे, त्यांना थांबवलेलं असतं. 'अडकणे' आणि 'थांबवणे' ह्या दोन क्रियापदांतला फरक मराठीच्या तासालाही घेण्यासारखा आहे!

आता खेळात एक गाडी ब आणि क च्या मधोमध बसवून टाका. "तू बिघडलीस." चेंडू तिच्याच हातात. पाच मिनिटं काही बोलू नका. बघा काय होतं ते. ड कडून आलेली गाडी क वर येऊन उभी राहते, अ कडून आलेली ब वर. दोघीही धडधाकट. मग कुणीतरी ओरडतं, "तिले ढकलत काऊन नाही नेत?"

झालं, पाठ इथे खरा सुरू झाला.

बिघडल्यावर नेमकं काय करतात

खरी गाडी सेक्शनमध्ये बंद पडली की लोको पायलट आधी दुरुस्तीचा प्रयत्न करतो. जमत नसेल तर कंट्रोलला कळवून मदतीचं इंजिन मागतो. दरम्यान गार्ड (२०२२ पासून ह्या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं आहे) मागच्या बाजूने गाडीचं रक्षण करतो. ब्रॉडगेजवर गाडीपासून ६०० मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा, मग १२०० मीटरवर एकमेकांपासून दहा-दहा मीटर अंतराने तीन. नॅरोगेजसाठी हीच अंतरं ४०० आणि ८०० मीटर. चाक फटाक्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि येणाऱ्या इंजिनाच्या लोको पायलटला समजतं की पुढे धोका आहे. मोबाइल, वॉकीटॉकी सगळं असताना फटाका कशाला? कारण फटाक्याला ना नेटवर्क लागतं ना बॅटरी. नॅरोगेजला अंतर कमी का, हा प्रश्न सातवीच्या मुलांना टाका. वेग आणि थांबण्याचं अंतर ह्यांचा संबंध ते आपणच लावतात.

आणखी एक नियम मुलांना फार आवडतो. एकदा मदतीचं इंजिन मागितलं की मधल्या वेळात बिघाड दुरुस्त झाला तरी लोको पायलटने परवानगीशिवाय गाडी हलवायची नाही. पहिल्यांदा ऐकताना हे वेडेपणाचं वाटतं. पण विचार करा, मदतीचं इंजिन समोरून त्याच रुळावर येतंय आणि गाडी अमुक ठिकाणी उभी आहे ह्या भरवशावर येतंय. गाडी जागची हलली तर मदत करणारंच तिच्यावर येऊन आदळेल. आणि हे इंजिन जोरात येऊ शकत नाही. भरलेल्या तुकड्यात शिरताना ते अगदी हळू, ताशी १५ किलोमीटरच्या आत चालवतात, रात्री त्याहून हळू. गाडीत बसलेल्या माणसाला वाटतं की कुणाला काही पडलेलीच नाही. खरं तर त्या वेळी जास्तीत जास्त काळजी घेणं चाललेलं असतं.

आलेखावर गाड्या चालवा

वर्गात परत आल्यावर आलेख कागद काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. गाडी म्हणजे एक तिरपी रेघ, वेग जास्त तितकी रेघ उभी. थांबलेली गाडी म्हणजे आडवी रेघ. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर अशाच तक्त्यावर गाड्या चालवत असतो. पूर्वी पट्टी-पेन्सिलने, आता संगणकावर. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच असे तक्ते होते. दहावीला आलेख येऊनही 'हे कुठे वापरतात' हे न कळलेली मुलं मी भरपूर पाहिली आहेत. त्यांना हा तक्ता दाखवा.

समजा अ, ब, क, ड प्रत्येकी १५ किलोमीटरवर आहेत आणि वेग ताशी ४५. म्हणजे एका तुकड्याला २० मिनिटं. पहिली गाडी अ वरून ८ वाजता निघाली, ब ८.२०, क ८.४०, ड ९.००. दुसरी ड वरून ८ वाजता निघाली, क वर आली ८.२० ला. पुढे सोडली तर दोघींच्या रेघा ८.३० ला ब आणि क च्या मध्ये एकमेकींना छेदतील. कागदावर हा छेदबिंदू आहे, रुळावर तो अपघात आहे. म्हणून दुसरीला क वर ८.४० पर्यंत थांबवायचं, पहिली आली की सोडायचं. ह्यालाच 'क्रॉसिंग' म्हणतात. क वर दोन रूळ आहेत म्हणूनच हे जमतं.

आता पहिली गाडी ८.३० ला मधोमध बंद पडली. मदतीचं इंजिन आणायचं कुठून? मुलं थोड्या वेळाने बरोबर सुचवतात: क वर उभ्या दुसऱ्या गाडीचं इंजिन काढा! प्रत्यक्षातही पुष्कळदा जवळच्या धडधाकट गाडीचंच इंजिन काढून पाठवतात. हिशेब करू. निर्णय, परवानगी, इंजिन सोडवणं ह्यात अर्धा तास गेला, इंजिन ९ ला निघालं. साडेसात किलोमीटर ताशी १५ ने म्हणजे अर्धा तास, ९.३०. जोडणी आणि ब्रेकची तपासणी १५ मिनिटं, ९.४५. ताशी ३० ने ओढत क ला आणलं, १०.००. आता आपल्या मूळ गाडीला लागायला आणखी २० मिनिटं. म्हणजे ८.४० ला निघणारी गाडी १०.२० ला निघाली, पूर्ण १ तास ४० मिनिटं उशिरा. बिघडलेली वेगळीच आणि उशीर हिला.

इथे हुशार मूल अडवतं. गेल्या वेळी आठवीतल्या एका मुलीने अडवलं होतं. इंजिन बिघडलेल्या गाडीला ओढत क ला आलं, तेव्हा ते गाडीच्या ड कडच्या टोकाला आहे. पण दुसऱ्या गाडीला जायचंय ब कडे, म्हणजे इंजिन तिच्या ब कडच्या टोकाला लागायला हवं. क वर दोनच रूळ आहेत आणि दोन्हींवर गाड्या उभ्या आहेत. इंजिन ह्या टोकाहून त्या टोकाला जाणार कुठून?

नाहीच जाणार. तिसरा रूळ हवा. आपला २० मिनिटांचा हिशेब क वर तिसरा रूळ आहे असं धरूनच केला होता. तो नसेल तर इंजिन पुढच्या स्टेशनाकडे पिटाळा, वळसा घाला, आणखी तासभर गेला. रोजच्या दिवशी तो तिसरा रूळ रिकामा, गवत वाढलेला दिसतो आणि कुणालाही वाटतं, 'ही जागा वाया आहे.' हा मुद्दा वर्गात उगवला की घाई करू नका, मुलांना त्यावर बोलू द्या. आमच्या वर्गात ह्यावरून घरातलं जास्तीचं अंथरूण, शेतातला दुसरा बैल, एसटी डेपोतली जादा बस, सगळं निघालं.

लोकलचं गणित

हा भाग दहावीच्या अंकगणिती श्रेढीसाठी. मुंबईतली उपनगरी गाडी घ्या; तिथे गर्दीच्या वेळी गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने असतात. सोयीसाठी धरू की वेळापत्रकात दर ४ मिनिटांनी गाडी आहे आणि सिग्नल जास्तीत जास्त ३ मिनिटांनी एक गाडी सोडू शकतो. एक लोकल २० मिनिटं बंद पडली आणि मग चालू झाली. किती गाड्यांना उशीर झाला?

मुलं म्हणतात पाच, कारण २० भागिले ४. पण तसं नाही. पहिली २० मिनिटं उशिरा सुटली. तिच्यामागची ३ मिनिटांनी सुटू शकते, वेळापत्रकात अंतर ४ चं होतं, म्हणून तिचा उशीर १९. तिच्यामागची १८. असं करत २०, १९, १८, … २, १. वीस गाड्या उशिरा धावल्या आणि वेळापत्रक जाग्यावर यायला ८० मिनिटं लागली. एकूण उशीर किती? २० पदांची बेरीज, २०/२ × (२० + १) = २१० मिनिटं.

आता वेळापत्रक घट्ट करा. गर्दी वाढली म्हणून गाड्या दर साडेतीन मिनिटांनी केल्या. बिघाड तोच, २० मिनिटांचाच. आता प्रत्येक गाडी अर्धाच मिनिट भरून काढते. चाळीस गाड्यांना उशीर, वेळापत्रक जुळायला १४० मिनिटं, एकूण उशीर ४१० मिनिटं. आणि गाड्या दर ३ मिनिटांनी लावल्या तर? मग उशीर कधीच भरून निघत नाही. गर्दीची वेळ संपून गाड्या कमी होईपर्यंत प्रत्येक गाडी वीस मिनिटं उशिराच.

फळ्यावर हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा: २१०, ४१०, आणि तिसऱ्या जागी प्रश्नचिन्ह. 'गाड्या वाढवा' ही मागणी आपण नेहमी करतो आणि ती चुकीची नाही. पण रूळ आणि सिग्नल तेवढेच ठेवून गाड्या वाढवल्या की बिघाडाच्या दिवशी किंमत दुप्पट होते, हे ह्या तीन आकड्यांत दिसतं. माझ्या मते हा ह्या पाठातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. तुमच्याकडे एकच तास असेल तर बाकी सोडा, हा घ्या.

आता शकुंतला

लोकलच्या उलट टोकाला आपली शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला हा नॅरोगेज मार्ग झाला. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, दारव्हा, कारंजा करत. आणि मूर्तिजापूरहून पुढे अचलपूर ७६ किलोमीटर. मालकी किलिक-निक्सन ह्या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. देशातली रेल्वे सरकारच्या ताब्यात आली तेव्हा ही मात्र वगळली गेली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, रूळ कंपनीचे, आणि त्याबद्दल कंपनीला मोबदला द्यायचा.

मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून ह्या मार्गावर होतं. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. म्हणजे ७१ वर्षं! मुलांना विचारा, तुमच्या घरात ७१ वर्षं रोज चालणारी एखादी वस्तू आहे का?

गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. ११३ भागिले २०, थांबे सोडून पाच तास एकोणचाळीस मिनिटं. शेवटच्या काळात दिवसाला एकच फेरी उरली होती. कर्मचारी इतके थोडे की गार्डच स्टेशनवर तिकिटं देई. तरी लोक बसत, कारण तिकीट एसटीपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं आणि वाटेतल्या काही गावांना दुसरी सोय कमी होती.

आता आपला प्रश्न हिला लावा. शकुंतला वाटेत बंद पडली तर किती गाड्यांचा खोळंबा? शून्य. मागे कुणी नाही, समोरून कुणी नाही. लोकलच्या गणितात एकूण उशीर २१० मिनिटं होता, इथे एकाच गाडीचा. कागदावर हा मार्ग सगळ्यात 'कमी विस्कळीत' होणारा! पण मुलांना सांगा, तुम्ही लाडखेडच्या स्टेशनवर पोतं घेऊन उभे आहात. पुढची गाडी कधी? उद्या. लोकलच्या प्रवाशाला वीस मिनिटं उशीर झाला, तुम्हाला चोवीस तास. मग 'विस्कळीत' म्हणजे नेमकं काय मोजायचं, गाड्या की माणसं? नववी-दहावीत ह्या प्रश्नावर सहज पंधरा मिनिटं चर्चा होते, आणि ती व्हायला हवी.

आणि मदतीचं इंजिन? मूर्तिजापूरला मुख्य मार्गावरून मोठमोठी इंजिनं रोज धडधडत जातात, पण ब्रॉडगेजच्या रुळांमध्ये अंतर १६७६ मिलिमीटर. त्यातलं एकही ७६२ च्या रुळावर चढू शकत नाही. पुलगाव–आर्वी हाही ह्याच मापाचा छोटा मार्ग होता, पण तो शकुंतलेला रुळाने जोडलेलाच नव्हता. सख्खी बहीण गावात, पण मधे पूर नसलेली नदी! तिथलं इंजिन हवं तर दुसऱ्या वाहनावर चढवून आणावं लागणार.

इंजिनाचं जे, तेच रुळाचं. रूळ आणि पूल जुने झाले, त्यावर खर्च कुणी करायचा ह्यात मालक एक आणि चालवणारा दुसरा. गेल्या दशकात आधी यवतमाळकडची आणि मग अचलपूरकडची गाडी थांबली. मार्ग ब्रॉडगेज करण्याच्या घोषणा झाल्या आहेत आणि लोक अजून पाठपुरावा करताहेत. एका दिवसाच्या बिघाडात आणि कायमच्या बंद पडण्यात फरक केवढा, हे मुलांना ह्याच गाडीवरून कळतं. ज्याच्या पाठीशी काहीच राखून ठेवलेलं नसतं, त्याचा प्रत्येक बिघाड हा शेवटचा ठरू शकतो. हे वाक्य रेल्वेपुरतं आहे की आणखी कशाला लागू होतं, ते मुलांवर सोडा. एकशिक्षकी शाळेत शिकवणाऱ्या मित्रांना वेगळं सांगायला नको.

पालकांसाठी, हे मात्र नीट वाचा

गाडी मधेच थांबली की लोक खाली उतरतात. गरम होतं, पोरं कंटाळतात, काय झालं बघायचं असतं. दुहेरी मार्गावर हा मोठा धोका आहे, कारण आपल्या रुळावरची वाहतूक थांबलेली असली तरी शेजारच्या रुळावरची चालूच असते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे ह्या स्टेशनांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, लोक घाबरून खाली उतरले, आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. गाडीला आग नव्हती. आपण मुंबईला जातो तो हाच मार्ग.

मुलांना दोन गोष्टी पाठ करून ठेवा. गाडी थांबली तर डब्यातच बसायचं. खरोखरच उतरावं लागलं, तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने, आणि उतरल्यावर रुळापासून लांब. चेंडूच्या खेळात शेजारी दुसरी रेघ मारून हे एकदा करवून घ्या. तोंडी सांगितलेलं विसरतात, खेळलेलं लक्षात राहतं. मदतीसाठी रेल्वेचा क्रमांक १३९.

परीक्षेला किंवा मुलाखतीला मुलांना पाठवताना धामणगावहून शेवटची 'बरोबर वेळेत पोचणारी' गाडी निवडू नका, तिच्या आधीची निवडा. वर लोकलच्या गणितात सवड काय करते ते पाहिलंच आपण. आणि ज्या स्टेशनावरून बसायचं तिथे गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि जायचं रद्द केलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र त्यासाठीचा अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी करावा लागतो. ही माहिती अनेक घरांत नसते.

गृहपाठ

सहावी-सातवी: घरातल्या आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वयस्कर माणसाला विचारा, शकुंतला आली नाही त्या दिवशी ते काय करत? पायी गेले, बैलगाडीने, एसटीने, की घरी परतले? दहा ओळी लिहा, त्यांच्याच शब्दांत, वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल.

आठवी-नववी: वरच्या अ-ब-क-ड आलेखात क वर तिसरा रूळ नाही असं समजून दुसरी गाडी किती वाजता निघेल ते काढा. इंजिन ड पर्यंत रिकामं नेऊन परत आणलं तर किती वेळ लागतो तेही मोजा, आणि परत आलेलं इंजिन तरी हव्या त्या टोकाला लागतं का ते बघा.

दहावी: वेळापत्रकातलं अंतर ५ मिनिटं, सिग्नलची मर्यादा ३ मिनिटं, बिघाड २० मिनिटांचा. किती गाड्यांना उशीर, एकूण उशीर किती? (उत्तर: १० गाड्या, ११० मिनिटं.) मग बिघाड ४० मिनिटांचा धरून पुन्हा करा. उत्तर दुप्पट येत नाही, का येत नाही ते लिहा.

आणि कळंब, यवतमाळ भागातल्या शाळांसाठी एक जादाचा उपक्रम. नव्या वर्धा–कळंब मार्गावरच्या स्टेशनांची नावं मिळवा, मुलांना घेऊन एखादं स्टेशन बघून या, आणि तिथे किती रूळ आहेत ते मोजायला सांगा. जाण्याआधी स्टेशन मास्तरांची परवानगी घ्यायला विसरू नका.